तिकीट कधी काढायचं? जोडीदाराच्या इमिग्रंट व्हिसाचं वेळापत्रक

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवला होता. नवरा किंवा बायको अमेरिकेत आणि आपण इकडे. लग्न झालं की घरचे, शेजारचे, ऑफिसातला मॅनेजर, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "मग, जाणार कधी?" आणि आपल्याकडे त्याचं उत्तर नसतं. भावाच्या लग्नाचा मुहूर्त धरायचाय, राजीनामा द्यायचाय, पुण्यातला फ्लॅट सोडायचाय, तिकिटाचे दर रोज वाढतायत, आणि इंटरव्ह्यूच्या तारखेचा पत्ता नाही. या काळात वेळापत्रक कसं बांधायचं, ते आज बोलू.

माझ्याबद्दल दोन वाक्यं, कारण पुढे माझ्याच तारखांची उदाहरणं देणार आहे. माझं माहेर इंदापूर तालुक्यात, सासर बारामतीचं. बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. नवरा शाळेत असतानाच आई-वडिलांबरोबर न्यू जर्सीला गेला, आता तो तिकडचा नागरिक आहे. आमचं लग्न डिसेंबर २०२३ मध्ये झालं आणि माझा व्हिसा या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे २०२५ च्या दसऱ्यानंतर हातात आला. मी वकील नाही. ज्यांच्या केसमध्ये जुना व्हिसा नाकारलेला आहे, मुदतीपेक्षा जास्त राहणं झालंय किंवा पोलीस केस आहे, त्यांनी वकिलालाच विचारा.

आता मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकते. या सगळ्या प्रवासात जवळजवळ एकही तारीख आपल्या हातात नसते. पण कशानंतर काय होतं, आणि कुठलं घड्याळ कधी सुरू होतं, हे मात्र आधीपासून माहिती असतं. आमच्या कामात याला डिपेंडन्सी म्हणतात. म्हणून तारखा ठरवत बसायचं नाही, क्रम ठरवायचा. "पंधरा जानेवारीला जाणार" असं न म्हणता "पासपोर्ट हातात आला की दुसऱ्या दिवशी राजीनामा, नोटीस संपली की दहा दिवसांत विमान" असं म्हणायचं. ऐकायला साधं वाटतं. घरच्यांना पटवणं अवघड जातं.

आधी तुमचा व्हिसा कुठला ते बघा

आपल्याकडे सगळ्याला एकच शब्द वापरतात, "डिपेंडंट व्हिसा". पण नवरा एच-१बी वर असेल तर बायकोला एच-४ मिळतो. तो तात्पुरता व्हिसा आहे, त्याचं वेळापत्रक पूर्ण वेगळं. आज आपण बोलतोय इमिग्रंट व्हिसाबद्दल, ज्यावर तिथे उतरल्या दिवसापासून तुम्ही कायमचे रहिवासी होता.

त्यातही दोन रांगा आहेत. जोडीदार अमेरिकेचा नागरिक असेल तर सीआर१ किंवा आयआर१. याला वार्षिक कोटा नाही, कागद पुढे सरकतील तशी केस पुढे सरकते. जोडीदार ग्रीन कार्डधारक असेल तर एफ२ए. याला कोटा आहे. तिथे तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे अर्ज दाखल झाल्याची तारीख, दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमधल्या तारखेशी ताडून बघावी लागते. जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत ही रांग 'करंट' होती, म्हणजे थांबावं लागत नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये कटऑफ परत लागला आणि तेव्हापासून वाट बघणं वर्षांमध्ये मोजावं लागतंय. त्यामुळे ओळखीतली कुणी २०२१ मध्ये पटकन गेली, तिच्यावरून आपला अंदाज बांधू नका. एक मात्र आहे: मधल्या काळात जोडीदार नागरिक झाला, तर केस नागरिकाच्या जोडीदाराच्या रांगेत जाते आणि कोट्याचा प्रश्न सुटतो.

पहिला टप्पा: लांब आणि निनावी

क्रम असा आहे. जोडीदार आय-१३० अर्ज करतो. तो मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, आपण त्याला एनव्हीसी म्हणू. तिथे ३२५ डॉलर व्हिसा अर्जाचे आणि १२० डॉलर आर्थिक हमीपत्राचे भरायचे, डीएस-२६० फॉर्म भरायचा, कागद अपलोड करायचे. सगळं बरोबर आहे असा शेरा मिळाला की इंटरव्ह्यूची रांग. माझा आय-१३० मंजूर व्हायला चौदा महिने लागले. तुमचे दहा होतील, अठरा होतील.

या काळात सगळ्यात मोठा धोका म्हणजे आयुष्य थांबवून ठेवणं. मी नोकरी बदलू का? बदला. घराचं भाडेकरार अकरा महिन्यांचा करू का? करा. बाहेरगावी, परदेशी फिरायला जाऊ का? जा, पासपोर्ट तुमच्याकडेच आहे. एवढंच लक्षात ठेवा की एखाद्या तिसऱ्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिलात, तर तिथलंही पोलीस प्रमाणपत्र लागतं. दुबईला किंवा सिंगापूरला कंपनीने वर्षभरासाठी पाठवायचं ठरवलं तर हे आधी मोजा. आणि या १ नोव्हेंबरपासून इंटरव्ह्यू तुम्ही राहता त्या देशात किंवा तुमच्या नागरिकत्वाच्या देशातच लागतो, हेही ध्यानात असू द्या.

"तोपर्यंत टुरिस्ट व्हिसावर महिनाभर जाऊन येऊ का?" हा प्रश्न हमखास येतो. अर्ज करायला बंदी नाही. पण टुरिस्ट व्हिसासाठी "मी परत येणार आहे" हे पटवून द्यावं लागतं, आणि त्याच वेळी तुमच्या नावावर कायमचं राहायला जायचा अर्ज पडलेला असतो. नकाराची शक्यता बरीच असते. त्यापेक्षा जोडीदाराने इकडे येणं सोपं. आमच्या बाबतीत तोच दोनदा आला.

कागद: हा काळ त्यांच्यासाठीच आहे

आपल्या भागात कागदांचा एक खास घोळ असतो. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे जन्माची नोंद आईच्या माहेरच्या गावाला. माझी नोंद आमच्या गावी नव्हती, मामाच्या गावच्या ग्रामपंचायतीत होती, आणि त्यात माझं नावच नव्हतं. नुसतं 'मुलगी', आईचं नाव, वडिलांचं नाव. आपल्या पिढीतल्या अनेकांच्या नोंदी अशाच आहेत, कारण बारशाआधी नोंद व्हायची. नाव घालून नवा दाखला काढायला मला चार खेपा पडल्या. एक खेप नेमकी तुकोबांच्या पालखीच्या आठवड्यात. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर हा सगळा पट्टा तेव्हा वारीच्या तयारीत असतो, ग्रामसेवक पाण्याच्या टँकरच्या मागे पळत असतात. त्या आठवड्यात दाखला मागायला जाणंच चूक नाही का? मी पुढच्या सोमवारी गेले, काम झालं.

दुसरं, लग्नाचा दाखला. गावात लग्न लागलं असेल तर ग्रामसेवक हेच विवाह निबंधक असतात, शहरात नगरपरिषदेत नोंदणी होते. कार्यालयाची पावती, पत्रिका, फोटो यांना नोंदणीची जागा घेता येत नाही. जोडीदार पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आलेला असतो आणि नोंदणीला दोघांच्या सह्या लागतात. म्हणून हळद, लग्न, पूजा, जागरण-गोंधळ या यादीत नोंदणीचा एक दिवस आधीच लिहून ठेवा.

तिसरं, नाव. लग्नानंतर आपल्याकडे मधलं नावही बदलतं आणि आडनावही. पासपोर्टवर एक, आधारवर दुसरं, डिग्रीवर तिसरं. डीएस-२६० मध्ये याआधी वापरलेली सगळी नावं विचारतात, तिथे सगळी लिहा. पासपोर्टवरचं नाव बदलायचं असेल तर आत्ता बदला, इंटरव्ह्यूच्या तोंडावर नको. मी बदललं नाही. सासूबाईंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या, "कागद सरळ राहू दे गं, घरात काय म्हणायचं ते आम्ही बघतो."

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसमार्फत निघतो. आम्ही पुण्यात मुंढव्याच्या केंद्रात गेलो. हा कागद आय-१३० मंजूर झाल्यावर काढा, फार आधी काढला तर पुन्हा काढावा लागू शकतो. मराठीत असलेल्या कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

पत्र आलं: आता घड्याळं सुरू

इंटरव्ह्यूचं पत्र ईमेलने येतं, साधारण महिना-दीड महिना आधी. माझं ऑगस्टमध्ये आलं, तारीख २५ सप्टेंबर. आपल्यासाठी ठिकाण मुंबईचा अमेरिकी वाणिज्य दूतावास, वांद्रे-कुर्ला संकुलात. २०११ पर्यंत तो ब्रीच कँडीला लिंकन हाउसमध्ये होता, त्यामुळे घरातल्या एखाद्या काकांनी "ब्रीच कँडीला जायचं" असं सांगितलं तर त्यांना नम्रपणे दुरुस्त करा.

बारामतीहून मुंबई साधारण अडीचशे किलोमीटर. पण जावं लागतं एकदा नाही. मेडिकल एकदा, बोटांचे ठसे आणि फोटो एकदा, इंटरव्ह्यू एकदा. मी ठसे आणि इंटरव्ह्यू लागोपाठच्या दोन दिवसांत घेतले आणि आदल्या दिवशीच चेंबूरला आत्याकडे मुक्कामी गेले. पहाटे बारामतीहून निघून सकाळची वेळ गाठू, असा हिशोब करू नका. लोणावळ्याचा घाट तुमची अपॉइंटमेंट बघत नाही. दूतावासात मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे बाहेर थांबायला कुणी तरी बरोबर असलेलं बरं. आणि तो भारतीय आणि अमेरिकन अशा दोन्ही सुट्ट्यांना बंद असतो. दिवस मोजताना दोन्ही कॅलेंडरं समोर ठेवा.

तारीख सोयीची नसेल तर बदलून मिळते का? मागता येते. पण नवी तारीख कधीची मिळेल ते सांगता येत नाही. म्हणून माझं मत, मिळालेली तारीख घ्या आणि बाकीचं तिच्याभोवती हलवा.

मेडिकल: खरं घड्याळ इथे सुरू होतं

हा आजच्या भागातला सगळ्यात कामाचा मुद्दा आहे. सगळ्यांचं लक्ष इंटरव्ह्यूच्या तारखेवर असतं. पण तुम्हाला अमेरिकेत कधीपर्यंत उतरायचंय ते ठरतं मेडिकलच्या तारखेवरून. इमिग्रंट व्हिसाची मुदत जास्तीत जास्त सहा महिने असते, आणि ती मेडिकलच्या मुदतीच्या पुढे जात नाही. मेडिकलची मुदत सामान्यतः सहा महिने, काही आरोग्यकारणांत तीनच. माझी मेडिकल ९ सप्टेंबरला झाली, व्हिसावर शेवटची तारीख आली ८ मार्च. इंटरव्ह्यू २५ सप्टेंबरला झाला, तरी सहा महिने ९ सप्टेंबरपासूनच मोजले गेले.

मग मेडिकल शेवटच्या क्षणी करावी का? नाही. मेडिकल दूतावासाने ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच होते, तपासणी, छातीचा एक्स-रे, रक्त-लघवी, लसी. एक्स-रेमध्ये क्षयाची शंका आली तर थुंकीचे नमुने लागोपाठ तीन दिवस घेतात आणि कल्चरचा निकाल यायला आठ आठवड्यांपर्यंत लागतात. लहानपणी क्षय होऊन बरा झालेला असला तरी एक्स-रेवर जुनी खूण दिसू शकते. तुमच्या बाबतीत तसं काही असेल तर जुने रिपोर्ट आधीच शोधून ठेवा आणि दोन महिने जास्तीचे धरूनच चाला. लसींचंही तसंच. आपल्या वयाच्या बऱ्याच जणांकडे लहानपणचं लसीकरणाचं कार्ड नसतं. कार्ड सापडलं तर गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, धनुर्वात यांच्या नोंदी बघा. नसेल तर तिथे पुन्हा टोचतात.

मी गणपती विसर्जनानंतरचा पहिला मंगळवार घेतला. मुंबईतली गर्दी ओसरलेली, आणि इंटरव्ह्यूला दोन आठवडे हातात.

राजीनामा कधी?

अमेरिकी परराष्ट्र खातं स्वतःच सांगतं: व्हिसा हातात येईपर्यंत नोकरी सोडू नका, घर विकू नका, पक्कं तिकीट काढू नका. आयटीवाल्यांची अडचण अशी की आपला नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा.

माझं गणित मांडते. पासपोर्ट ७ ऑक्टोबरला परत आला. ८ ऑक्टोबरला राजीनामा. नव्वद दिवस ६ जानेवारीला संपतात. शेवटची तारीख ८ मार्च. म्हणजे मध्ये दोन महिने मोकळे. आता समजा पासपोर्ट दोन महिने उशिरा आला असता आणि राजीनामा ७ डिसेंबरला दिला असता, तर नोटीस संपली असती ७ मार्चला आणि व्हिसा ८ मार्चला. एक दिवस! असं झालं तर नोटीस कमी करून घेणं, उरलेले दिवस विकत घेणं याचं बोलणं आधीच झालेलं असावं. मी मॅनेजरला मे महिन्यातच सांगून ठेवलं होतं की राजीनामा येणार आहे, तारीख मला माहिती नाही. कंपनीनुसार हे बदलतं. सांगितल्यावर प्रमोशन अडेल अशी भीती असेल तर गप्प बसा, त्यात काही गैर नाही. पण राजीनाम्याचा कागद पासपोर्टच्या आधी देऊ नका.

माझ्या एका मैत्रिणीचं सांगते, तिला विचारूनच. तिला इंटरव्ह्यूची तारीख आल्यावर ऑफिसमधून 'शेवटचा दिवस सांग' म्हणून तगादा लागला. तिने दिला राजीनामा. इंटरव्ह्यूत सगळं ठीक झालं, पण नवऱ्याच्या उत्पन्नाचा एक कागद कमी निघाला. हातात २२१(जी) ची चिठ्ठी मिळाली. कायद्याच्या त्या कलमाखाली व्हिसा तूर्त नाकारलेला दाखवतात, मागितलेला कागद दिला किंवा तपासणी पूर्ण झाली की फाइल पुन्हा उघडते. तिची उघडली, व्हिसाही मिळाला, पण चार महिन्यांनी. ते चार महिने पगार नाही आणि आई-वडिलांच्या घराचा हप्ता तिच्या खात्यातून. या चिठ्ठीचं पुढे काय होईल याला ठरलेली मुदत नसते, काही दिवस ते काही महिने. ऑनलाइन स्टेटसला 'रिफ्यूज्ड' असा शब्द दिसला की घरात रडारड होते. तेव्हा आधी ती चिठ्ठी नीट वाचा.

लग्नाचा दुसरा वाढदिवस

हे बऱ्याच जणांना माहिती नसतं. तुम्ही अमेरिकेत उतरता त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील, तर तुम्ही सीआर१ म्हणून आत जाता आणि ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं. ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत आय-७५१ हा अर्ज, फी, आणि लग्न खरं असल्याचे पुरावे पुन्हा द्यायचे. दोन वर्षं झालेली असतील तर आयआर१, कार्ड दहा वर्षांचं. मोजायचा तो उतरण्याचा दिवस. विमान मुंबईहून कधी सुटलं किंवा इंटरव्ह्यू कधी झाला, याने फरक पडत नाही. व्हिसावर सीआर१ छापलेलं असलं आणि उतरेपर्यंत दोन वर्षं झाली, तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवून सांगायचं, आणि शिक्क्यावर काय लिहिलंय ते तिथेच वाचायचं.

आमचा दुसरा वाढदिवस डिसेंबरमध्ये, नोटीस जानेवारीत संपते, त्यामुळे आम्हाला यासाठी मुद्दाम थांबावं लागलं नाही. पण वाढदिवसाला चार-पाच महिने असतील तर? ते दोघांनी ठरवायचं. एक अर्ज वाचवायला चार महिने लांब राहायचं का? शिवाय नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, आणि ती वर्षं सशर्त कार्डावरही मोजली जातात. म्हणजे थांबलात तेवढं तेही पुढे जातं. दोन-चार आठवड्यांचा प्रश्न असेल तर थांबा, नाही तर जा, असं मी म्हणेन.

घरातली कार्यं आणि म्हातारी माणसं

माझ्या धाकट्या भावाचं लग्न याच महिन्याच्या शेवटी आहे. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. पप्पा जुलैपासून म्हणत होते, "तुझी तारीख कळू दे, मग पोरीकडच्यांना सांगू." मी त्यांना म्हटलं, माझ्यासाठी थांबू नका, मुहूर्त धरा. माझा पासपोर्ट दूतावासात अडकला तरी इंदापूरच्या कार्यालयात यायला पासपोर्ट लागत नाही. घरातलं एक कार्य दुसऱ्याच्या व्हिसाला बांधलं की दोन्ही घरं अडकतात.

प्रश्न नवऱ्याच्या सुट्टीचा होता. त्याच्याकडे वर्षाची मोजकी रजा. इंटरव्ह्यूला यावं की मेहुण्याच्या लग्नाला? अर्जदार जोडीदाराने इंटरव्ह्यूला हजर राहायची सक्ती नाही. शेजारी सगळे म्हणाले, "दोघं दिसलात की व्हिसा पक्का." आम्ही पत्रातल्या सूचना वाचल्या आणि रजा लग्नासाठी ठेवली. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात त्याला तसेही दोन दिवस मिळतात. इंटरव्ह्यूला मी एकटी गेले. कुठे भेटलात, कुठे राहणार, तो काय करतो, असे सातआठ प्रश्न झाले.

आता आजी. ती पंच्याऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं, अंथरुणाला फारशी उठत नाही. तिचा प्रश्न 'कधी जाणार' हा नाही, 'परत कधी दिसणार' हा आहे. आणि इथे बऱ्याच घरांत एक गैरसमज असतो की इमिग्रंट व्हिसावर गेलं की ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत किंवा दोन-तीन वर्षं परत येता येत नाही. तसं नाही. आत प्रवेश झाल्यावर व्हिसावर जो शिक्का बसतो, तो एक वर्ष ग्रीन कार्डाचंच काम करतो. तेवढ्यात इकडे येऊन परत जाता येतं. सहा महिन्यांच्या आत परतलात तर सहसा अडचण येत नाही. वर्षापेक्षा जास्त राहायचं असेल तर तिथून निघण्याआधी री-एन्ट्री परमिटचा अर्ज करावा लागतो.

याचा उपयोग असा की ज्यांच्या घरात आजारपण आहे आणि व्हिसाची शेवटची तारीख जवळ आलीय, त्यांनी मुदत वाया घालवू नये. जाऊन प्रवेश करून यावं. तिकिटाचा खर्च होतो, तो मोठाच आहे. पण मुदत गेली की मेडिकल पुन्हा, फी पुन्हा, रांग पुन्हा. आजीला मी मे महिन्यात येते म्हणून सांगितलंय. ती म्हणाली, "मे कुठं लांबंय." तिला लांब आहे हे आम्हा दोघींनाही कळतं. म्हणून मी जानेवारीपर्यंतचे सगळे शनिवार-रविवार गावाकडे ठेवलेत, पुण्यातली खरेदी आणि निरोपाच्या पार्ट्या कमी केल्या. वेळापत्रकात ही ओळ लिहायला विसरू नका.

तिकीट

इंटरव्ह्यूला तिकीट लागत नाही. कुणी एजंट सांगत असेल तर ऐकू नका. पासपोर्ट आल्यावर त्यावरची नाव, जन्मतारीख, मुदत तपासा. मग ऑनलाइन २३५ डॉलरची यूएससीआयएसची इमिग्रंट फी भरा, कारण ती भरल्याशिवाय कार्ड छापत नाहीत. नंतर तिकीट. अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरता, तिथेच इमिग्रेशन होतं आणि इमिग्रंट व्हिसावाल्यांना वेगळ्या खोलीत बसवून वेळ लागू शकतो. पुढचं विमान असेल तर तीन-चार तास मध्ये ठेवा. आधी काढायचंच असेल तर तारीख बदलता येणारं किंवा पैसे परत मिळणारं काढा, आणि दंड किती ते वाचूनच.

शेवटचं थोडंसं

कुणी म्हणेल, नवरा-बायकोच आहेत, एवढी भीती कशाला? एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने इमिग्रंट व्हिसांवर बंदी घातली. नागरिकांच्या जोडीदारांना त्यातून सूट होती, ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांना नव्हती. ती बंदी फेब्रुवारी २०२१ मध्ये उठली. आणि सूट असलेल्यांचेही इंटरव्ह्यू अडलेच, कारण मार्च २०२० पासून जगभरच्या दूतावासांचं नेहमीचं व्हिसाचं काम बंद झालं होतं. जून २०२४ मध्ये मुन्योझ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा, असा नागरिकाला घटनात्मक मूलभूत हक्क नाही. बहुतेक केसेस सुरळीतच होतात, घाबरवायचं म्हणून हे सांगत नाही. पण नातं पक्कं आहे म्हणून तारीखही पक्की, असं धरून चालता येत नाही.

तर थोडक्यात. कागद वाट बघण्याच्या काळात उरका. मिळालेली इंटरव्ह्यूची तारीख घ्या. मेडिकलच्या तारखेपासून सहा महिने मोजा आणि ती शेवटची तारीख भिंतीवर लिहा. लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसावर खूण करा. राजीनामा, घर, तिकीट, तिन्ही पासपोर्टनंतर. घरातली कार्यं त्यांच्या मुहूर्तावर होऊ द्या. फी आणि नियम बदलत राहतात, त्यामुळे प्रत्येक पाऊल टाकण्याआधी दूतावासाच्या आणि परराष्ट्र खात्याच्या अधिकृत पानावर बघून घ्या, आमच्या भागावर विसंबू नका.

तुमचे प्रश्न पाठवा. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीबद्दल आणि नावांच्या फरकाबद्दल इतके प्रश्न येतात की त्यावर वेगळा भाग करावा लागेल असं दिसतंय. तो मी निघायच्या आधी रेकॉर्ड करते. भेटूया. नमस्कार.